आखडलेला खांदा आणि रक्तातील साखर



अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग चालवणारे, टॉवेल-चादरी शिवणारे आपले लोक खांदा धरला की म्हणतात, "कामाने धरलाय, हात बांधून ठेवला की सुटेल." मधुमेह असेल तर हात बांधून ठेवणेच महागात पडते.

रक्तातील साखर फार दिवस वाढलेली राहिली की ती सांध्याच्या आवरणातील तंतूंना चिकटते. आवरण जाड होऊन आकसते आणि खांदा जाम होतो. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. एरवी हा त्रास 100 पैकी 2 ते 5 जणांना होतो, मधुमेहींमध्ये 10 ते 20 जणांना. म्हणून खांदा आखडला की साखरही तपासावी.

ओळखावे कसे? केस विंचरता येत नाहीत, हात पाठीमागे जात नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही.

उपाय असे:

1. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चुकवू नये.

2. वाकून हात सैल सोडावा व लोलकासारखा हलवावा. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढावे. आपलाच सोलापुरी टॉवेल पाठीमागे दोन्ही हातांत धरून वरच्या हाताने हलकेच ओढावा. प्रत्येक व्यायाम 10 वेळा, रोज दोनदा, सोसेल इतकाच.

3. झटका देऊन हात ओढून घेऊ नये. शेक कोमट असावा. मधुमेहात चटका लवकर कळत नाही.

4. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने दुखणे कमी होते, पण काही दिवस साखर वाढते. मधुमेह असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

बरे व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. धीर सोडू नये. मात्र खांदेदुखीबरोबर छातीत दाटणे, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

मजुरी बुडेल म्हणून अनेक जण दुखणे लपवतात. मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील हात वाळलेल्या माणसाने आपला हात सभास्थानात सर्वांदेखत पुढे केला. आपणही दुखणारा हात पदराआड ठेवू नये. शहरातील छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दाखवावा. तांड्यावर, वस्तीवर कोणाचा खांदा धरला असेल, तर त्यांना हा धडा वाचून दाखवावा आणि तपासणीला सोबत जावे.