मेरीलँडची वसाहत : सवलत की हक्क?

२५ मार्चला आपण दूतसंदेशाचा सण साजरा करतो. सन १६३४ मध्ये याच दिवशी अमेरिकेतील पोटोमॅक नदीतल्या एका लहानशा बेटावर फा. अँड्र्यू व्हाइट या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी मिस्सा अर्पण केली. मिस्सेनंतर झाड तोडून घडवलेला मोठा क्रूस गव्हर्नर आणि इतर कॅथलिकांनी खांद्यावर वाहून नेला, तो उभारला आणि गुडघे टेकून पवित्र क्रुसाची लितानी म्हटली. ज्या तेरा इंग्रज वसाहतींतून पुढे अमेरिका हे राष्ट्र घडले, त्यांतील ही पहिली मिस्सा मानली जाते. मेरीलँड राज्यात हा दिवस आजही स्थापनादिन म्हणून पाळतात.

मेरीलँड हे नाव मारियामातेवरून पडले असावे, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याची कॅथलिक राणी हेन्रिएटा मारिया हिच्या नावावरून ठेवलेले आहे. राजाला न दुखवता, उघड न बोलता काम साधायचे, ही या वसाहतीची रीत नावापासूनच दिसते.

कारण इंग्लंडात तेव्हा कॅथलिक असणे महागात पडत होते. १५८१ च्या कायद्याने सरकारी चर्चच्या उपासनेला न जाणाऱ्यास दरमहा २० पौंड दंड होता. १५८५ च्या कायद्याने, परदेशात गुरुदीक्षा घेऊन मायदेशी परतणारा धर्मगुरू राजद्रोही ठरे आणि राजद्रोहाला शिक्षा एकच, मृत्यू. फा. व्हाइट स्वतः १६०६ मध्ये हद्दपार झाले होते. आपल्याला परिचित असलेले फा. थॉमस स्टीफन्स हेही याच इंग्लंडातून बाहेर पडलेले. ते १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि १६१६ मध्ये त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. फा. व्हाइट यांचा जन्म १५७९ चाच. पुढे त्यांनी पिस्काटावे या आदिवासी जमातीच्या भाषेत धर्मशिक्षणाचा मजकूर तयार केला. एका देशाने नाकारलेले दोन धर्मगुरू, एक साष्टीत आणि दुसरे पोटोमॅकच्या काठी, परक्या माणसांची भाषा शिकत बसले होते.

वसाहतीची कल्पना जॉर्ज कॅल्व्हर्ट याची. राजा पहिला जेम्स याच्या दरबारात तो सचिव होता. १६२५ मध्ये त्याने आपण कॅथलिक असल्याचे जाहीर केले आणि पद सोडले. राजाची मर्जी मात्र राहिली, लॉर्ड बाल्टिमोर हा किताबही मिळाला. त्याने आधी न्यूफाउंडलंड बेटावर वसाहत करून पाहिली, पण तिथल्या एका भयंकर हिवाळ्याने तो पार खचला. मग तो व्हर्जिनियात गेला. तिथे, राजा हाच चर्चचा सर्वोच्च प्रमुख आहे अशी शपथ घेण्याची अट पुढे आली. त्याने ती नाकारली आणि तो परतला. एप्रिल १६३२ मध्ये तो वारला आणि जूनमध्ये सनद निघाली ती त्याचा मुलगा सेसिल याच्या नावे. राजाला द्यायचा खंड काय, तर दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात विंडसर किल्ल्यावर आदिवासींचे दोन बाण पोहोचते करायचे आणि सोने-चांदी सापडल्यास पाचवा हिस्सा द्यायचा. सोने काही सापडले नाही.

नोव्हेंबर १६३३ मध्ये दोन जहाजे निघाली, आर्क आणि डव्ह, म्हणजे नोहाचे तारू आणि कबूतर. पुढारी कॅथलिक होते, पण प्रवाशांत प्रॉटेस्टंटच अधिक असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सेसिलने स्वतः मेरीलँडमध्ये कधी पाऊल ठेवले नाही. आपला भाऊ लिओनार्ड याला गव्हर्नर नेमून त्याने लेखी सूचना दिल्या होत्या : जहाजावर कॅथलिकांनी आपली उपासना शक्य तितक्या खासगीपणे करावी, धर्माविषयी वाद घालू नये, प्रॉटेस्टंट प्रवाशांना तक्रारीला जागा ठेवू नये. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो. इंग्लंडात एक तक्रार पोहोचली असती तर सनद धोक्यात आली असती.

या धोरणाची परीक्षा लवकरच झाली. १६३८ मध्ये विल्यम लुईस या कॅथलिक मुकादमाने आपल्या हाताखालच्या प्रॉटेस्टंट नोकरांना त्यांचे धार्मिक पुस्तक वाचण्यास मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीश कॅथलिक होते. त्यांनी लुईसला ५०० पौंड तंबाखूचा दंड केला. तिथे तंबाखू हेच चलन होते. १६४२ मध्ये थॉमस जेरार्ड या कॅथलिक जमीनदाराने प्रॉटेस्टंटांच्या चॅपलची किल्ली आणि पुस्तके उचलून नेली. त्यालाही तेवढाच दंड झाला, आणि ती रक्कम वसाहतीत येणाऱ्या पहिल्या प्रॉटेस्टंट पाळकाच्या निर्वाहासाठी राखून ठेवण्यात आली. आपल्याच माणसाच्या विरोधात, दुसऱ्याच्या चॅपलच्या किल्लीसाठी निकाल देणे सोपे नव्हते. १६४९ चा कायदा सर्वांना ठाऊक असतो, पण मला हे दोन निकाल त्याहून मोलाचे वाटतात.

तो कायदा २१ एप्रिल १६४९ रोजी मंजूर झाला. येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणालाही धर्मामुळे त्रास दिला जाणार नाही, असे त्याने जाहीर केले. कोणी कोणाला पाखंडी, पोपवाला, प्युरिटन अशा नावांनी हिणवले तर १० शिलिंग दंड, त्यातला निम्मा ज्याचा अपमान झाला त्याला. ही व्यवस्था आजही विचारात घेण्यासारखी आहे! पण त्याच कायद्यात पवित्र त्रैक्य किंवा ख्रिस्ताचे देवपण नाकारणाऱ्यास मृत्युदंड सांगितला होता. १६५८ मध्ये जेकब लुम्ब्रोझो या यहुदी वैद्यावर खटला भरला गेला, कारण कोणीतरी विचारले म्हणून त्याने येशूविषयी आपले मत सांगितले होते. इंग्लंडातील सत्तांतराच्या निमित्ताने सार्वत्रिक माफी जाहीर झाली म्हणून तो सुटला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक भेद नीट समजून घ्यावा लागतो, तो सवलत आणि हक्क यांतला. सवलत देणारा वर असतो, घेणारा खाली असतो; आणि दिलेली वस्तू परत मागता येते. हक्क माणसाला माणूस म्हणूनच असतो, राज्य तो देत नाही, फक्त मान्य करते. मेरीलँडने दिली ती सवलत होती. १६५४ मध्ये प्युरिटनांनी सत्ता बळकावली आणि कायदाच रद्द केला. ज्या प्युरिटनांना व्हर्जिनियातून निघावे लागले तेव्हा मेरीलँडने आश्रय दिला होता, त्यांनीच कॅथलिकांचे संरक्षण काढून घेतले. १६५७ नंतर कायदा पुन्हा लागू झाला. १६८९ मध्ये जॉन कूड याच्या नेतृत्वाखाली बंड झाले, कॅल्व्हर्ट घराण्याची सत्ता गेली आणि कायदा कायमचा संपला. त्याच वर्षी जॉन लॉक या तत्त्वज्ञाचे सहिष्णुतेवरचे प्रसिद्ध पत्र छापले गेले. परक्या सत्ताधीशाशी निष्ठा ठेवणाऱ्यांना त्यात तोही वगळतो, आणि त्याचा रोख कॅथलिकांकडे असल्याचे मानले जाते.

पुढचा काळ कठीण होता. १७०४ मध्ये गव्हर्नर सेमूर याच्या आदेशाने सेंट मेरीज सिटी या जुन्या राजधानीतील विटांच्या चॅपलला कुलूप लागले. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला ५० पौंड दंड आणि सहा महिने कैद, असा कायदा झाला. खासगी घरात मिस्सेला सूट मिळाली तेवढाच दिलासा. मग कॅथलिकांनी घरातच चॅपल बांधले, धर्मगुरू घोड्यावरून मळ्यामळ्यांत फिरू लागले. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मतदानाचा अधिकार गेला, १७५६ मध्ये त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. मुलांना कॅथलिक शिक्षणासाठी समुद्रापार पाठवावे लागे. अशाच एका कुटुंबातील जॉन कॅरल १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले बिशप झाले.

इथपर्यंतचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच मळ्यांत राबणारे हात कोणाचे होते?

फा. व्हाइट यांच्याबरोबर आर्क जहाजातून माथियास डी सूसा हा आफ्रिकी वंशाचा नोकर आला होता. ठरलेल्या मुदतीची चाकरी संपवून तो मोकळा झाला आणि १६४२ मध्ये स्वतंत्र माणूस म्हणून वसाहतीच्या विधिसभेत बसला. पुढे तंबाखूची लागवड वाढली, मजूर कमी पडू लागले आणि ते दार बंद झाले. १६६४ च्या कायद्याने कृष्णवर्णीय गुलामांची गुलामी आजन्म ठरवली. मालकांच्या मनात एक शंका उरली होती : गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो ख्रिस्ती बंधू होतो, मग त्याला मुक्त करावे लागेल काय? १६७१ च्या कायद्याने उत्तर दिले की, बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. संत पौल गलतीकरांस लिहितात की ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. विधिसभेने तो भेद कायम ठेवला आणि मालकांना बाप्तिस्म्याची भीती उरली नाही. त्या वेळी वसाहत कॅल्व्हर्ट घराण्याच्या म्हणजे कॅथलिकांच्याच ताब्यात होती.

येशूसंघीयांच्याही जमिनी होत्या, कारण वसाहतीत धर्मगुरूंच्या निर्वाहाची दुसरी सोय नव्हती. त्या जमिनींवर गुलाम राबत. दंडाच्या आणि कैदेच्या भीतीखाली श्रद्धा जपणारे धर्मगुरू त्याच वेळी माणसांचे मालक होते. ज्या कॅथलिकांना कायद्याने पायाखाली घेतले, त्यांच्याही पायाखाली कोणी होते. मूळ रहिवाशांचे काय झाले, तेही सांगायला हवे. १६४० मध्ये फा. व्हाइट यांच्या हातून पिस्काटावेंच्या प्रमुखाने बाप्तिस्मा घेतला होता. शतक संपण्याच्या सुमारास ती जमात आपली भूमी सोडून निघाली. मेरीलँड राज्याने त्यांच्या वंशजांना अधिकृत मान्यता दिली ती २०१२ मध्ये.

१७७६ मध्ये इंग्रजांचे राज्य गेले. मेरीलँडच्या नव्या जाहीरनाम्याने सर्व ख्रिस्ती लोकांना समान संरक्षण दिले. यहुद्यांना सरकारी पदासाठी १८२६ पर्यंत थांबावे लागले. धर्मस्वातंत्र्य ही सवलत नसून माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क आहे, हे आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या घोषणेच्या मसुद्यामागे अमेरिकन येशूसंघीय फा. जॉन कोर्टनी मरे यांचे मोठे काम होते.

गुलामांची वाट त्याहून वेगळी होती. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ स्त्री-पुरुष आणि मुले १,१५,००० डॉलरला लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. कुटुंबे तोडू नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी आणि पैसा कर्जफेडीसाठी वापरू नये, अशा अटी रोमहून आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. २०१७ मध्ये येशूसंघाने त्या लोकांच्या वंशजांसमोर उभे राहून क्षमा मागितली. लुइझियानातील मॅरिंग्विन या लहान गावात त्यांची कित्येक कुटुंबे आहेत, आणि त्यांतली बरीच आजही कॅथलिक आहेत.