घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरचा दाब का उतरतो?

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी पुष्कळ घरांत एक बॉयलर बसविलेला असतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत जाते, तेथे उष्णता देते व परत बॉयलरकडे येते. हा मार्ग बहुधा बंदिस्त असतो. पाणी थंड असताना दाबमापकाचा काटा सामान्यतः १ ते १.५ बार दाखवितो. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब होय. काटा फार उतरला की अनेक बॉयलर आपोआप बंद पडतात आणि ऐन थंडीत घर गारठते.

याचे कारण शोधताना पाण्याचा एक गुणधर्म ध्यानात घ्यावा. १० अंश सेल्सियस तपमानाचे १०० लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापविल्यास त्याचे आकारमान सुमारे सव्वादोन लिटरांनी वाढते. या वाढीस जागा मिळावी म्हणून प्रसरणपात्र जोडलेले असते. त्यातील रबरी पडद्याच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस हवा किंवा नायट्रोजन वायू असतो. वायू दाबला जातो आणि वाढलेले पाणी सामावते.

म्हणून काटा थंड व तप्त अशा दोन्ही अवस्थांत पाहावा. तापताना तो थोडाच चढत असेल, परंतु थंड अवस्थेतील दाब दिवसेंदिवस घटत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. प्रथम रेडिएटरांच्या झडपा व नळ्यांचे सांधे तपासावेत. याउलट, तापताना काटा ३ बारपर्यंत चढून थंड होताच अगदी खाली येत असेल, तर प्रसरणपात्रातील वायू निघून गेला असावा किंवा पडदा फाटला असावा. अशा वेळी ३ बारच्या सुमारास सुरक्षाझडप उघडते व थोडे पाणी भिंतीबाहेरील नळीतून निघून जाते. उरलेले पाणी निवून आकुंचन पावले की तेवढी तूट दाबात दिसते.

रेडिएटरांतील कोंडलेली हवा नुकतीच काढली असल्यासही दाब उतरतो. तेव्हा एकदा पाणी भरणे पुरेसे असते. मात्र वारंवार पाणी भरणे हा उपाय नव्हे. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत येतो आणि पोलादी रेडिएटर गंजू लागतात. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचे आवरण मात्र गृहस्थाने स्वतः उघडू नये. ते काम नोंदणीकृत कारागिराकडेच सोपवावे.