फी माफ झाली, पण ताटाचं काय?

हे बघ, आधी तो होस्टेलचा कागद खाली ठेव आणि घोटभर पाणी पी. आकडा मोठा आहे, मान्य. पण सगळा एकदम बघितला की कुठलाही खर्च छातीवर बसतो गं. आपण एकेक ओळ घेऊ. तुला गणित येतं, नाहीतर इंजिनिअरिंगला नंबर लागला असता का?

सरकारने मुलींची फी माफ केली म्हणजे आता बॅग भरायची आणि निघायचं, असं घरी सगळ्यांना वाटलं. गावोगाव तसंच वाटतंय. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे तो. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी त्यात माफ होते, तीसुद्धा कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर. राहणं आणि जेवण त्यात कुठेच नाही. खासगी विद्यापीठंही त्यातून वगळलेली आहेत. कर्जत तालुक्यातच विजयभूमी आणि युनिव्हर्सल एआय अशी दोन आहेत. तेव्हा तिथली मैत्रीण आणि तू एकाच स्टेशनवर उतरलात तरी तुमचे हिशेब निराळे. तिच्या आकड्यावरून तुझा ताडू नकोस.

आता राहायचं कुठे? आमच्याकडची बरीचशी कॉलेजं भर बाजारात नाहीत. कुंभिवलीचं विश्वनिकेतन घे, रसायनीचं पिल्लई एचओसी घे, भिवपुरी रोडची बाजू घे, स्टेशनावरून पुढे रिक्षा आलीच. म्हणून कॅम्पसमधलं होस्टेल महाग आणि कर्जत-खोपोलीत कॉट बेसिसवर घेतलेली जागा स्वस्त, असं नुसत्या भाड्यावरून ठरवू नकोस. भाड्यात रोजचा येण्याजाण्याचा खर्च मिळव आणि मग दोन्ही आकडे शेजारी मांड. खोपोलीच्या लोकल मोजक्या, एक चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं, त्यात पहिलं लेक्चर जातं. एसटी जात असेल तर मार्च २०२३ पासून आपल्या बायकांना अर्धं तिकीट आहे, ते विसरू नकोस. आणि खरं सांगू का, जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस बघितलास की कळेल, चार-चार दिवस ओढणी वाळत नाही. खोली बघायला गेलीस की भिंतीला हात लावून ओल बघ, कपडे कुठे वाळत घालतात ते बघ, लाइट गेली की पाण्याचं काय होतं ते विचार. पंखा नवा आहे का जुना, ते राहू दे.

मेसचं मात्र नीट ऐक, कारण पैसा तिथे मुरतो. पहिला प्रश्न, मेस सक्तीची आहे का? होस्टेल घेतलं की मेस घ्यावीच लागते, असं बऱ्याच ठिकाणी असतं. दुसरा, पैसे किती महिन्यांचे घेतात आणि जेवण किती महिने मिळतं? गणपती, दिवाळी, परीक्षेनंतरची सुट्टी, या दिवसांत तू घरी असणार. मग विचारायचं, खाडा धरता का? किती दिवस आधी सांगावं लागतं? सलग किती दिवसांचा खाडा असला तर पैसे वळते होतात? काही ठिकाणी तीन दिवसांच्या आतला खाडा धरत नाहीत, म्हणजे शनिवार-रविवार तू घरी गेलीस तरी ताटाचे पैसे चालूच. बऱ्याच ठिकाणी रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद असते, तेव्हा त्या रात्रीचं काय करायचं तेही आत्ताच धर. नाहीतर दर रविवारी कर्जत स्टेशनवरचा दिवाडकरांचा वडापाव. चांगलाच असतो गं, पण महिन्याच्या हिशेबात तो दिसला पाहिजे.

पैसे भरायच्या आधी एक वेळ तिथे जेवून ये. पाहुणी म्हणून नको, पैसे देऊन जेव, आणि शक्यतो बुधवार-गुरुवारच्या रात्री जा. आमटीत डाळ आहे का पाणी, चपाती गार झाल्यावर तुटते का, भात दुसऱ्यांदा मागितला तर वाढणारीचा चेहरा कसा होतो, सगळं बघ. शेवटच्या पंगतीच्या मुलींना भाजी उरते का, हे तिथल्या मुलींनाच विचार. सिनियर मुली जे पाच मिनिटांत सांगतील ते माहितीपुस्तकात सापडणार नाही.

मदतीचं बोलू. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अशा योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणाचे पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००. त्या ३८,००० मध्ये जेवणाचे २३,०००, राहण्याचे १०,००० आणि वरखर्चाचे ५,०००. दहा महिन्यांवर वाटलंस तर जेवणाला महिन्याला २,३०० येतात. दोन वेळचं धरलं तर एका ताटाला अडतीस रुपये. आणि राहायला महिन्याला हजार. तेव्हा मदत मिळाली तरी वरचा भार घरावर राहणारच, तो बाबांना आत्ताच स्पष्ट सांग. पैसे हप्त्याने येतात आणि उशिरा येतात, म्हणून दोन महिन्यांचं जेवण निघेल एवढी रक्कम वेगळी ठेव. स्वयमसाठी आपल्याला पेणचं आदिवासी प्रकल्प कार्यालय. तुझं कॉलेज योजनेच्या हद्दीत बसतं का, हे अर्ज करायच्या आधी विचार. उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख आणि हजेरी, या दोन्हींवर अर्ज अडतात. लेक्चरं बुडवू नकोस.

पुण्याला नंबर लागला असता तर मी तुला डोळे झाकून विद्यार्थी साहाय्यक समितीकडे धाडलं असतं. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली संस्था, खेड्यातून आलेल्या मुलामुलींना कमी पैशांत ठेवून घेते. आपल्या तालुक्यांना तसं काही मिळायला हवं, असं मला फार वाटतं. इतकी कॉलेजं आली, पण परवडणारी मुलींची वसतिगृहं त्या मानाने आली नाहीत.

एक गोष्ट मी तुला अजिबात करू देणार नाही. पैसे वाचवायला एक वेळची मेस लावून रात्री बिस्किटावर झोपायचं नाही. मुली हे करतात, घरी सांगत नाहीत, आणि मग हिमोग्लोबिन कमी निघतं, प्रॅक्टिकलला उभं राहवत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथल्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शिकणाऱ्या पोराचं पोट रिकामं राहू नये म्हणून! आणि तू अडतीस रुपये वाचवायला उपाशी झोपणार? फार ओढाताण झाली तर कुणा काकूंचा घरगुती डबा लाव, दोघींत खोली घे, मोबाइलचा रिचार्ज लहान कर. ताटाला हात लावायचा नाही.

भरायला जाशील तेव्हा डिपॉझिटची पावती वेगळी माग आणि ते कधी, किती कापून परत मिळणार, हे लिहून घे. खासगी होस्टेलवाल्याने बिलात जीएसटी लावला तर गप्प बसू नकोस. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० पर्यंतच्या आणि सलग नव्वद दिवसांच्या मुक्कामाला तो लागत नाही. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. यूजीसीने २०१८ सालीच कॉलेजांना तसं बजावलंय.

उद्या अकराच्या आत होस्टेलच्या ऑफिसला फोन कर. खाड्याचं पहिल्यांदा विचार, मग बाकीचं. आणि काय म्हणाले ते मला संध्याकाळी कळव.