रागाचा तास कुणी कापला?

‘पोरं टिकत नाहीत, याला तुमचं ट्रेनिंग जबाबदार आहे,’ असं मला कौशल्य प्रशिक्षण केंद्राच्या केबिनमध्ये उभं ठेवून सांगण्यात आलं. ते मुकाट ऐकून घेणं मला जमलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. नागपूरजवळच्या हिंगणा-वानाडोंगरी पट्ट्यात असे वर्ग घेणाऱ्यांनी, तिथे बसणाऱ्या मुलांनी आणि पदरमोड करून फी भरणाऱ्या आईवडिलांनी हे वाचावं.

एमआयडीसीत टाइम ऑफिसला माझी उमेदीची वर्षं गेली. नवा पोरगा कधी काम सोडतो, ते हजेरीच्या नोंदींत दिसतं आणि का सोडतो, ते हिशेबाला येतो तेव्हा त्याच्या तोंडून कळतं. मशीन जमलं नाही म्हणून जाणारे थोडे. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली म्हणून, सुट्टी मागायचा धीर झाला नाही म्हणून, न सांगता दांडी मारली आणि आता कोणत्या तोंडाने जायचं म्हणून जाणारेच जास्त. इंग्रजी येत नाही म्हणून लाइनवरून निघून गेलेला हेल्पर मला तरी आठवत नाही.

त्यामुळे या केंद्राने सॉफ्ट स्किल्सची बॅच माझ्याकडे दिली तेव्हा वेळापत्रक मी याच अंगाने आखलं. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ठळक छापलेलं होतं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली: आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या आणि त्या ओळखून पुढचं वागणं ठरवायचं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने ती जगभर नेली. आमच्या पोरांपुरतं मी ते एका प्रसंगावर आणलं. सुपरवायझर ओरडला, तर पुढची पाच मिनिटं काय करायचं?

त्याची तालीम अशी घ्यायचे. एका मुलाच्या हातात रिजेक्ट झालेला पार्ट द्यायचा. दुसऱ्याने सुपरवायझर व्हायचं आणि अस्सल नागपुरी बोलीत त्याला झापायचं. पहिल्या फेरीत कुणाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, कुणी पार्ट मुठीत आवळतो, आणि बरेच जण हसतात. हे हसणं घाबरल्याचं असतं. पण समोरच्याला तो माज वाटतो, आणि तिथेच पोराची नोकरी जाते. हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. मग दुसरी फेरी. पार्ट खाली ठेवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सुपरवायझरकडे पाहायचं आणि एवढंच बोलायचं: ‘साहेब, नग माझ्याच हातून गेला. सेटिंग हललं होतं. आता थांबवू की तुम्ही बघता?’ सफाई नाही, रडगाणं नाही. सवय झाली की पोरांचा आवाज आपोआप खाली येतो.

पुढचे हेच तास कापले गेले. ‘मॅडम, राग-बिग घरी शिकवतात. इथं आउटपुट दाखवावा लागतो,’ असं केंद्रप्रमुख मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले. त्या वेळात मुलांना टाय बांधायला लावलं, इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून घेतली आणि तिचे व्हिडिओ काढले. मी तोंडी विरोध केला होता.

बॅच कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत एका मुलाचा फोन आला. शिफ्ट सुरू असतानाच तो गेटबाहेर पडला होता आणि हिंगणा टी-पॉइंटला चहाच्या टपरीवर बसला होता. ‘मॅडम, मी निंगून आलो. सगळ्यांइसमोर बोलला थो मले. कायले थांबू?’ याची ओळख व्हिडिओत सगळ्यात छान झाली होती. परत जा, म्हणून मी परोपरीने सांगितलं. तो गेला नाही. त्याच्यामागे आणखी काही जण काम सोडून आले.

मग केंद्राला जाग आली. २०१४ पासूनच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत मुलगा सलग ३ महिने कामावर राहिला तरच नोकरी लागली असं धरतात. आमच्या केंद्राच्या कामालाही तसलीच अट होती. मुलं गळाली तसे केंद्राचे पैसे अडकले आणि खापर माझ्यावर फुटलं. पुरावा म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. विषयाच्या रकान्यात ‘रागाचे व्यवस्थापन’ आणि त्यापुढे ‘झाले’. तारीख पाहिली. त्या दिवशी मुलं टाय बांधून फोटोला उभी होती. खाली माझ्या नावाची सही होती आणि ती मी केलेली नव्हती. माझे हातपाय गार पडले. म्हणजे हे तास चुकून राहिले नव्हते. ते कागदावर उरकले होते, आणि मुलं गळाल्यावर जाब द्यायला मला पुढे केलं होतं. मी तसं तोंडावर बोलले, तर उत्तर आलं, ‘मॅडम, तुमचा ॲटिट्यूड निगेटिव्ह आहे.’

शिकवणाऱ्यांना माझं सांगणं, वेळापत्रकावर केंद्राची सही-शिक्का घेतल्याशिवाय वर्गात पाय ठेवू नका. तास बदलला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, तोंडी बोललेलं कुणी मानत नाही. रजिस्टरचं पान रोजच्या रोज मोबाइलमध्ये घ्या, सहीपुढची रिकामी जागा रेघ मारून बंद करा. जमलं तर खऱ्या लाइन सुपरवायझरला एक दिवस वर्गात आणा. तो ज्या तोंडाने बोलतो, ते मुलांनी कामावर जायच्या आधी ऐकलेलं बरं.

आईवडिलांनो, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फलकाला भुलू नका. मागच्या बॅचमधली किती मुलं ३ महिन्यांनंतर कामावर होती, एवढंच विचारा. उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर उठून या. मुलगा आयटीआयत असेल तर तिथे एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय आहेच. २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात संवादापासून आर्थिक आणि कायदेशीर साक्षरतेपर्यंत बरंच काही आहे. तो तास बुडवून बाहेर पैसे ओतण्यात काय हशील? ॲप्रेंटिस म्हणून घेत असतील तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली लेखी करार होतो आणि सरकारी पोर्टलवर त्याची नोंद होते. ती पाहा. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. शिकाऊ उमेदवारीसाठी कुणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर देऊ नका.

मुलांनो, शिफ्टआधी झोप पुरी करा, मोठ्यांशी नीट बोला, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. रुजू व्हाल त्या दिवशीच सुपरवायझर, ठेकेदार आणि टाइम ऑफिस, तिघांचे नंबर घ्या. यायचं नसेल तर शिफ्ट लागायच्या आधी फोन करा, मेसेज नव्हे. दांडी झालीच तर दुसऱ्या दिवशी गेटवर या. टाइम ऑफिसला अशी पोरं रोज येतात, तुम्ही पहिले नाही. अंगावर कुणी हात टाकला किंवा जातीवरून बोललं तर मात्र सोसू नका. तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि तक्रार करा. कामाच्या चुकीवरून बोलणी बसली असतील तर सुट्टीची घंटा होईपर्यंत गेटबाहेर पडू नका. सोडायचंच असेल तर शिफ्ट संपल्यावर सोडा, हिशेब घेऊन सोडा.

माझं उरलेलं मानधन केंद्राने अजून दिलेलं नाही. खोट्या सहीबद्दल लेखी खुलासा मागणारं पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवलं आहे. ते पोचलं आहे, उत्तर आलेलं नाही.