अंग बाहेर येणे आणि लघवीचा त्रास

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. अशाच एका दिवशी पाड्यावरून चालत आलेली पन्नाशीची एक बाई ‘उन्हाळी लागली आहे’ म्हणून माझ्याकडे आली. लघवीला जळजळ होते, सारखे जावे लागते, झाली तरी झाल्यासारखे वाटत नाही, एवढेच तिने सांगितले. मी जंतुनाशक गोळ्या दिल्या. महिन्याने ती पुन्हा आली, मी पुन्हा गोळ्या दिल्या. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी आमच्या सिस्टरने तिला पडद्याआड नेऊन तिच्या बोलीत विचारले तेव्हा कळले, की पाच-सहा वर्षांपासून तिचे अंग बाहेर येते. लघवीला बसल्यावर बोटाने आत सारल्याशिवाय धार लागत नाही. तिने सांगितले नव्हते हे खरे, पण मी तरी कुठे विचारले होते? तिन्ही वेळा तपासणी न करता मी गोळ्या लिहून दिल्या, ही चूक माझीच.

असे इतरत्रही होत असते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त आठ होत्या.

आता या दोन तक्रारींचा संबंध काय ते पाहू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय हे तिन्ही तिच्यावर टेकलेले असतात. बरीच बाळंतपणे, अडलेले व लांबलेले बाळंतपण, बाळंतपणानंतर लगेच कामाला लागणे, डोक्यावर पाणी व लाकडाची मोळी घेऊन चढण चढणे, जुना खोकला, शौचाला कुंथणे आणि पाळी गेल्यानंतरचा स्नायूंचा सैलपणा यांमुळे ही झोळी ढिली पडते. मूत्राशय योनिमार्गाच्या अगदी पुढे असल्यामुळे योनीची पुढची भिंत खाली आली की मूत्राशयही तिच्याबरोबर उतरते. मूत्रमार्गाला बाक पडतो, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात व जळजळ सुरू होते. जंतू नसतानाही केवळ ताणामुळे घाई लागते. दिवसभर उभे राहून काम केल्यावर संध्याकाळी त्रास वाढतो आणि आडवे झाल्यावर कमी होतो, ही या विकाराची खूण आहे.

म्हणून आधी लघवीची तपासणी करावी. जंतू असतील तरच जंतुनाशक घ्यावे व ठरलेले दिवस पूर्ण घ्यावे. मधुमेहासाठी रक्तातील साखर पाहावी. लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत कळते. हे न पाहता घाई थांबवणाऱ्या गोळ्या घेतल्या, तर लघवी तुंबण्याचा धोका असतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिकलसेल आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते. त्याचा दोष अंग बाहेर येण्याला देऊ नये.

घरी काय करावे? बायका हमखास एक चूक करतात, ती म्हणजे पाणी पिणे सोडतात. लघवीला जावे लागू नये म्हणून असे केले, की लघवी दाट होऊन जास्त चुरचुरते आणि जंतूंचेही फावते. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी प्यावे, उन्हात कामाला असाल तर अधिक. रात्री झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत मात्र कमी प्यावे. कोरा असो की दुधाचा, वारंवार चहा पिण्याने घाई वाढते.

लघवी करताना जोर लावू नये. झाल्यावर क्षणभर थांबून उठावे, दोन पावले चालावे आणि पुन्हा बसावे. उरलेली निघून जाते. अंग बाहेर असेल तर स्वच्छ धुतलेल्या बोटाने आत सारून लघवी करण्यात लाजण्यासारखे काही नाही. सारखी घाई लागत असेल तर मूत्राशयाला वळण लावता येते. आज तासाने जात असाल तर सवा तास थांबा, आठवड्याने दीड तास, असे करत तीन तासांपर्यंत न्यावे.

स्नायूंच्या व्यायामाची पद्धत अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडली. वारा सरू नये म्हणून आपण जो भाग आवळतो, तो सहा ते आठ सेकंद आवळून धरावा व तितकाच वेळ सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट व मांड्या आवळू नयेत. चालू लघवी थांबवून व्यायाम करण्याची सवय लावू नये. फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, आणि बहुतेक जणी पंधरा दिवसांत सोडून देतात! अंग पूर्ण बाहेर आले असेल तर व्यायामाने ते परत जागेवर बसणार नाही, हेही सांगायला हवे.

अशा वेळी योनिमार्गात बसवायचे कडे, म्हणजे पेसरी, उपयोगी पडते. ती योग्य मापाची हवी आणि ठरलेल्या मुदतीत काढून धुवायला हवी. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. गर्भाशय जागीच ठेवून ते वर टांगण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकर यांचे नाव जगभर घेतले जाते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला अशी शस्त्रक्रिया सोयीची. शस्त्रक्रियेनंतर काही जणींची लघवी खोकताना गळू लागते, कारण आधीचा बाक निघून जातो. ही शक्यता आधीच विचारून घ्यावी. निदान दीड ते तीन महिने हंडा उचलता येणार नाही, हे घरच्या पुरुषांनाही सांगावे.

लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप व कुशीत दुखणे सुरू झाले, लघवीत रक्त आले, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले किंवा बाहेर आलेला भाग सुजून आत जाईना, तर घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्या बाईला शस्त्रक्रिया नको होती. महू वेचायचे दिवस जवळ आले होते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पेसरी बसवून घेतली, पाणी प्यायला सांगितले. डोक्यावरचा हंडा सून घेऊ लागली. त्यानंतर ती उन्हाळीच्या गोळ्या मागायला आलेली नाही. पेसरी धुवायला मात्र ठरल्या वेळी येते, आणि गेल्या खेपेला तिने शेजारच्या पाड्यावरच्या दोघींना सोबत आणले होते.