एअर फ्रायरमध्ये फळे सुकविताना



बांधावरचे चिकू पिकू लागले की एकदमच पिकतात. खाणारी माणसे कमी, फळे जास्त, त्यातच ऊसतोडीची घाई. कळंब परिसरात असे पुष्कळ घरी होते. गेल्या हंगामात आम्ही चिकूच्या फोडी एअर फ्रायरमध्ये 120 अंशांवर सुकविल्या. दोन तासांत कुरकुरीत दिसल्या, म्हणून डब्यात भरल्या. आठव्या दिवशी उघडून पाहतो तर बुरशी! चूक यंत्राची नव्हती, आमच्या घाईची होती.

जास्त उष्णतेने फोडीचा वरचा थर आधी कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडते. सुकविणे म्हणजे भाजणे नव्हे. साखर कारखान्यातही पाक निर्वात पॅनमध्ये कमी उष्णतेवर आटवितात, म्हणून साखर करपत नाही. सांगली-तासगावकडचे बेदाणेसुद्धा शेडच्या सावलीत, वाऱ्यावर वाळतात. मंद ऊब आणि खेळती हवा, हेच खरे सूत्र.

कृती अशी:

1. यंत्र 60 अंशांपर्यंत खाली येते का, ते आधी पाहावे. 80 च्या खाली येत नसेल तर त्यात हे काम करू नये.

2. पिकलेले पण घट्ट चिकू धुऊन साल व बिया काढाव्यात. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या सारख्या चकत्या कापाव्यात.

3. जाळीवर एकच थर पसरावा. 55 ते 60 अंशांवर साधारण 6 ते 8 तास ठेवावे, अधूनमधून उलटावे.

4. गार झाल्यावर चकती मोडून दाबावी. ओल दिसू नये, चकती चिवट लागावी.

5. काचेच्या बरणीत सैल भरून सात दिवस रोज हलवावे. काचेवर दव धरले तर पुन्हा सुकवावे. बुरशी दिसली तर सगळेच टाकावे, वरचे काढून खाऊ नये.

आता हिशेब. चिकूच्या गरात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. म्हणजे किलोभर गराचे 300 ग्रॅमच्या आसपास उरते. 1500 वॅटचे यंत्र पूर्ण भाराने 6 तास चालले तर 9 युनिट वीज लागेल. कमी उष्णतेवर ते मधूनमधून बंद होते, म्हणून खर्च कमी येतो. तरी मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवावा.

क्रेटभर फळे असतील तर उन्हाळ्यात जाळीखालचे ऊनच परवडते. ढगाळ दिवसांत, पोरांच्या डब्यापुरते करायचे असेल तर यंत्र बरे.