बुजलेल्या विहिरी पुन्हा उकरताना

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : उत्पत्ती 26:12-33



गेल्या उन्हाळ्यात मी जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आदिवासी वस्तीवर गेले होते. बारा वर्षांपूर्वी तुमच्या देणग्यांतून आपण तेथे विंधन विहीर घेतली आणि हापशी बसवली. त्या दिवशी आम्ही गीते गाइली, प्रार्थना केली, फोटो काढले आणि शेजारी देणगीदारांच्या नावांची दगडी पाटी उभी केली. तो फोटो आपल्या अंकातही आला होता.

हापशी तीन वर्षेही चालली नाही. हे मला फार उशिरा कळले, कारण मी विचारायलाच गेले नव्हते. बायका पुन्हा नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या होत्या. मी खाली मान घालून उभी होते. तेव्हा एक कोरकू आजी शांतपणे म्हणाली, "हापशी तं देल्ली ताई, पण पाना कोणाले देल्ला?"

हा पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

1. इसहाकाने काय केले?

देशात दुष्काळ होता. तशा दिवसांत इसहाक गरारात राहिला. त्याने पेरले आणि त्याला शंभरपट पीक मिळाले. शेजारच्या पलिष्ट्यांना हेवा वाटला. त्याच्या बापाच्या, अब्राहामाच्या, दिवसांत खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या. बुजलेल्या विहिरीचे पाणी बुजवणाऱ्यालाही मिळत नाही, पण हेव्याला एवढे दिसत नाही.

पुढे इसहाक खोऱ्यात गेला. नव्या विहिरी खणण्याआधी त्याने जुन्या विहिरी पुन्हा उकरल्या. अठरावे वचन सावकाश वाचा. बापाने त्या विहिरींना जी नावे दिली होती तीच त्याने पुन्हा ठेवली. उकरण्याचे कष्ट त्याच्या चाकरांचे, पण नाव त्याचे नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्या पाटीवर नावे होती. वस्तीत कोणाच्या हातात पाना मात्र नव्हता.

2. माती परत येतेच

पलिष्ट्यांनी विहिरी मुद्दाम बुजवल्या. आपल्या जिल्ह्यात तलाव आणि नाले आपोआप बुजतात. उघड्या डोंगरावर पाऊस जोरात पडतो, माती वाहून येते आणि तलावाच्या तळाशी बसते. पाळू उंच दिसते, पाणी मात्र कमी मावते.

त्याचा हिशेब साधा आहे. पन्नास मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद अशा लहान तलावातून एक मीटर जाडीचा गाळ काढला, तर दोन हजार घनमीटर जागा मोकळी होते. एका घनमीटरात हजार लिटर पाणी मावते. म्हणजे वीस लाख लिटर, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर.

हा हिशेब बुलढाणा जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर करून दाखवला आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावाला माती आणि मुरूम लागतो. तो तलाव, नाले आणि नद्या खोल करून घ्यायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाण्याला जागाही. ही रीत देशभर 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने ओळखली गेली. 2018 साली भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम् सुफलाम्' उपक्रमात शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात गाळ काढण्यासाठी लावली. डिझेलचा खर्च शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाला राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा मान विभागून मिळाला. त्या गावात माणसांनी हातात टिकाव-फावडे घेऊन श्रमदान केले होते.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही शासनाची योजना 2017 पासून आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी आता तिच्यात अनुदानाची तरतूदही आहे. आपल्या ओळखीच्या किती आदिवासी शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे? अर्ज भरून देणे हीदेखील सेवाच आहे.

पण एकदा गाळ काढला म्हणजे काम संपले असे नाही. वर डोंगरावर सलग समतल चर नसतील, झाडे आणि गवत नसेल, तर चार-पाच पावसाळ्यांत माती पुन्हा खाली येते. म्हणून जाणती माणसे माथ्यापासून पायथ्याकडे काम करतात, आणि दर उन्हाळ्यात पुन्हा पाहायला जातात.

3. आपल्या वाडवडिलांची हापशी

आज देशभर खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या 'इंडिया मार्क-2' हातपंपाचे मूळ आपल्या शेजारीच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. पूर्वीचे बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले असत. सबंध गाव त्यावर पाणी भरू लागले की ते मोडत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या वतीने विंधन विहिरींचे काम करणाऱ्यांनी हे पाहिले आणि पोलादाचे दणकट पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरून पुढे 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क-2 घडला. विहीर खणून दिल्यावर ती माणसे निघून गेली असती, तर पंप का मोडतो हे त्यांना कधी कळलेच नसते. ते परत गेले, मोडलेला पंप त्यांनी उघडून पाहिला, आणि त्यातून देशभराची सोय झाली.

आमच्या वस्तीवर आम्हीही शेवटी तेच केले. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाला बोलावले. पाइप वर काढले तेव्हा दिसले की वॉशर झिजले होते आणि दोन पाइपांना गंजून भोके पडली होती. एवढ्यासाठी नऊ वर्षे बायका झिऱ्यावर गेल्या. नव्या विंधन विहिरीला लागणाऱ्या पैशांच्या अगदी लहान भागात दुरुस्ती झाली. वस्तीतल्या दोन बायका आणि एक तरुण यांना वरची दुरुस्ती शिकवली. पान्यांची पेटी आता त्या आजीच्या घरी असते. दर घरामागे महिन्याला दहा रुपये जमतात आणि ते वहीत लिहिले जातात. सांडपाण्यावर कोथिंबीर आणि वांगी लावली आहेत.

देणगीदारांच्या पाटीचा दगड बायकांनी केव्हाच आडवा पाडून धुणे धुवायला घेतला होता. मी तो पुन्हा उभा केला नाही. मे महिन्यात मात्र ही हापशी अजूनही सकाळीच तेवढे पाणी देते. वरच्या नाल्यावर काम झाल्याशिवाय ते वाढणार नाही.

4. पाणी आले, पण कसले?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या कित्येक गावांत विहिरीला पाणी असते, पण ते तोंडी लावता येत नाही. म्हणूनच वान नदीवरच्या धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी 140 गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली. अशा भागात उत्साहाने विंधन विहीर घेऊन देणे म्हणजे कधीकधी खारट पाणीच वर काढून देणे होते.

पाणी तपासल्यावाचून ते चांगले किंवा वाईट म्हणू नये. मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत हवे. 2025 च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिले बोट पाण्याकडे गेले. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पुढे मात्र काही संशोधकांनी धान्यातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. रोगाचे कारण अंदाजाने ठरत नाही. आणि केसांचा प्रश्न निघाला नसता, तर त्या पाण्यातले नायट्रेट कोणी मोजले असते?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण द्यायचे आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. टाकी कधी धुतली आणि टीसीएल पावडर कधी टाकली, हे जलसुरक्षकाला प्रेमाने विचारा.

5. भांडण आणि ऐसपैस जागा

इसहाकाच्या चाकरांना खोऱ्यात जिवंत झरा लागला आणि लगेच गरारच्या गुराख्यांशी भांडण झाले. त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे कज्जा. दुसरीचे नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडले नाही, म्हणून रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. पाणी लागले की भांडणही येते, हे शास्त्र लपवत नाही.

इसहाक सोडून पुढे गेला, कारण त्याला जायला जागा होती. आपल्या आदिवासी बांधवांना नेहमीच तशी जागा नसते. म्हणून त्यांचा हक्क त्यांना ठाऊक असला पाहिजे. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर पाण्याचे आहे. गावातल्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. गावांतर्गत कामाचा लोकवाटा साधारणपणे दहा टक्के असतो. डोंगराळ व जंगलभागात आणि जिथे निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जाती-जमातींचे आहेत तिथे तो पाच टक्केच आहे. वस्ती वनजमिनीवर असली, तरी 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे पिण्याचे पाणी, जलवाहिनी आणि लहान तळी यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत जागा मिळू शकते. जंगल आहे म्हणून पाणी नाही, एवढ्या उत्तरावर परत फिरू नये.

आणि गोष्टीचा शेवट पाहा. ज्याने इसहाकाला निघून जा म्हटले तो अबीमलेख पुढे भेटायला आला. इसहाकाने त्याला जेवू घातले, करार केला आणि शांतीने निरोप दिला. त्याच दिवशी चाकर सांगत आले की पाणी लागले.

6. आपल्या मंडळीत काय करता येईल?

पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. उपासना मंदिराचे छप्पर 100 चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला, तर 70,000 लिटर पाणी छपरावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 56,000 लिटर उरते. ते जाळीतून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे पंधरा ते वीस लिटर वाया घालवतो. आठवड्याचा हिशेब शब्बाथशाळेतली मुले करतील. घरबांधणीत रिकामी झालेली सिमेंटची पोती फेकू नका. पावसाळा सरता सरता ती मातीने भरून नाल्यावर वनराई बंधारा घालता येतो. तरुण संघाला एक दिवस पुरतो.

शेवटी एक अवघड गोष्ट. या वर्षी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ नवी विंधन विहीर देण्याची इच्छा कळवली आहे. मी त्यांना लिहिले की, ही रक्कम पाच बंद हापशा दुरुस्त करण्यास, एका नाल्यावरच्या चरांना आणि पान्यांच्या पेट्यांना द्याल का? तिथे पाटी लागणार नाही. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. देणगी हातची जाईल अशी भीती मला वाटते, हे मी लपवत नाही. पण त्या आजीच्या प्रश्नानंतर मला दुसरे काही लिहिता आले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. इसहाकाने विहिरींना बापाने दिलेलीच नावे का ठेवली असतील?
2. आपल्या मंडळीने पूर्वी सुरू केलेले कोणते काम आज बुजले आहे? ते शेवटचे कोणी पाहिले?
3. आपण देतो तेव्हा 'पाना कोणाकडे?' हे विचारतो का?

प्रार्थनेचे विषय

झिऱ्यावर जाणाऱ्या बहिणी व मुली, पाणी समितीत प्रथमच बोलणाऱ्या महिला, हातपंप दुरुस्त करणारे कामगार, खारपाणपट्ट्यातील आजारी, आणि आपण सर्व, की दिलेले काम पुन्हा पाहायला जाण्याची बुद्धी आपल्याला मिळो.